रक्त साकळू नये म्हणून...

मंडळी, आजचा विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. गेले दोन-तीन विकांत डायलिसिसच्या इतिहासाचं खूळ डोक्यात शिरलंय आणि त्यातला एक कोपरा असा सापडला की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चहा घेऊन बसा.

सुरुवात साध्या गुणाकाराने करू. नवजात बाळाच्या अंगात वजनाच्या दर किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे तीन किलोच्या बाळात सगळं मिळून अडीचशे मिलि.च्या आसपास. हापिसातल्या कॉफीच्या मगाएवढं. बस्स, एवढंच. आता समजा या बाळाच्या किडन्या बंद पडल्या. जंतुसंसर्ग, हृदयाचं ऑपरेशन, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणं, कारण काहीही असो. लघवी होत नाही, अंग सुजत चाललंय, रक्तात पोटॅशियम वाढतंय. रक्त बाहेर काढून, गाळून, परत आत सोडायला हवं. मोठ्या माणसाचं नेहमीचं डायलिसिस चार तासांत उरकतं. पण अतिदक्षता विभागातल्या या एवढ्याशा जिवाला चार तासांत इतकं पाणी खेचून घेतलेलं सोसत नाही, रक्तदाब धाडकन पडतो. म्हणून तेच काम हळूहळू, रात्रंदिवस, सलग कित्येक दिवस करतात. यालाच कंटिन्युअस डायलिसिस म्हणतात. डॉक्टर लोक त्याला सीआरआरटी म्हणतात.

मोठ्यांसाठी बनवलेल्या यंत्राच्या नळ्या आणि फिल्टर भरायला शंभर-दीडशे मिलि. रक्त सहज लागतं. मगातलं अर्धं रक्त मगाबाहेर! म्हणून आधी रक्तपेढीतल्या रक्ताने यंत्र भरून घ्यायचं आणि मग ते बाळाला जोडायचं. इथवर ठीक. पण रक्ताचा एक स्वभाव आहे. शिरेबाहेर पडून परक्या पृष्ठभागाला लागलं की ते साकळतं. गुडघा फुटला तर आपण जगतो ते याच स्वभावामुळे. यंत्रातलं प्लास्टिक हाही परकाच पृष्ठभाग. फिल्टर म्हणजे केसांसारख्या बारीक पोकळ तंतूंचा जुडगा. त्यात गुठळ्या व्हायला लागल्या की अलार्म वाजतो, दाब वाढतो, आणि शेवटी सगळा संच फेकून द्यावा लागतो, आतल्या रक्तासकट. मग नवा संच, रक्ताची नवी पिशवी, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या धंद्यात रात्री तीनला फोन आला तर सर्व्हर रिस्टार्ट मारून परत झोपता येतं. इथे प्रत्येक रिस्टार्टची किंमत रक्तात मोजायची.

बरं, मग रक्त साकळूच न देणारं औषध द्या की! तेही करतात. पण ते औषध यंत्रापुरतं थांबत नाही, बाळाच्या अंगात जातं. आणि आजारी नवजात बाळाच्या मेंदूत रक्तस्राव व्हायला फार निमित्त लागत नाही. म्हणजे इकडे गुठळी, तिकडे रक्तस्राव, आणि मधली वाट अगदी चिंचोळी. या वाटेचा इतिहास सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचा आहे आणि त्यात जळवा, मांजराचं रक्त, बैलाची फुप्फुसं, सॉसेजचं वेष्टन असं काय काय येतं.

जळवांपासूनच सुरू करू. जळू चावली की रक्त वाहत राहतं हे आपल्याकडे सुश्रुतालाही माहीत होतं, त्याच्या संहितेत जलौकांवर अख्खं प्रकरण आहे. रक्त वाहत का राहतं, तर जळवेच्या लाळेत हिरुडिन नावाचं प्रथिन असतं. १९१३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन एबल, लिओनार्ड राउनट्री आणि बी. बी. टर्नर या तिघांनी जिवंत कुत्र्याचं रक्त नळ्यांतून फिरवून गाळून दाखवलं. कृत्रिम किडनीचा हा पहिला अवतार. रक्त साकळू नये म्हणून त्यांनी वापरलं हिरुडिन, जे जळवांची डोकी वाटून काढावं लागे. (हो, वाटून. नाश्ता चालू असेल तर क्षमस्व.) जळवा यायच्या युरोपातून. १९१४ साली महायुद्ध पेटलं, जळवांचा पुरवठा आटला आणि हे संशोधनही बारगळलं. एका भानगडीच्या डिपेंडन्सीपायी अख्खा प्रोजेक्ट गुंडाळला जाणं आपल्याला नवीन नाही, पण डिपेंडन्सी म्हणून जळू मी पहिल्यांदाच पाहिली.

गंमत म्हणजे याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, दोन-तीन वर्षांच्या आत, जळवेला पर्याय सापडला. तोही चुकून. जे मॅक्लीन नावाचा दुसऱ्या वर्षाचा वैद्यकीय विद्यार्थी विल्यम हॉवेल या नामांकित प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम करत होता. हॉवेलसाहेबांनी त्याला दिलेलं काम नेमकं उलट होतं: रक्त साकळायला लावणारा पदार्थ शुद्ध करून दाखव. मॅक्लीनने मेंदू, हृदय, यकृत अशा वेगवेगळ्या अवयवांतून अर्क काढले, ते ठेवून ठेवून पुन्हा पुन्हा तपासले. यकृतातल्या अर्काची साकळवण्याची ताकद हळूहळू गेली आणि त्यानंतर तो चक्क रक्त साकळूच देईना. मॅक्लीनने पुढे स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, सरांचा विश्वास बसेना म्हणून त्याने मांजराच्या रक्ताचं पात्र सरांच्या टेबलावर ठेवलं, त्यात आपला अर्क ढवळला आणि म्हणाला, हे साकळलं की मला सांगा. ते साकळलंच नाही.

हे १९१६ सालचं. १९१८ साली हॉवेल आणि एमेट होल्ट यांनी यकृतातून मिळालेल्या अशाच एका पदार्थाला नाव दिलं हेपॅरिन. ग्रीकमध्ये हेपार म्हणजे यकृत. यातला होल्ट त्यावेळी विद्यार्थीच होता. पुढे तो मोठा बालरोगतज्ज्ञ झाला, हा निव्वळ योगायोग, पण आजच्या विषयाला शोभणारा म्हणून सांगितला. हेपॅरिनचं श्रेय नक्की कोणाचं यावरून पुढे बरीच वर्षं धुसफुस चालली. मॅक्लीनला जे मिळालं तो पदार्थ आणि हॉवेलचं नंतरचं हेपॅरिन हे रासायनिकदृष्ट्या एकच नव्हतं असं जाणकार सांगतात. माझं मत विचाराल तर, बग रिपोर्ट करणारा आणि तो समजून घेणारा अशा दोघांची नावं लिहावीत आणि विषय मिटवावा.

असो. हेपॅरिन सापडलं, पण ते इतकं अशुद्ध होतं की माणसाला टोचायची सोय नव्हती. जर्मनीत गीसेन इथे गेओर्ग हास याने १९२४ साली माणसावर पहिलं डायलिसिस केलं. पंधरा मिनिटं! आणि पुन्हा हिरुडिन वापरूनच. त्या हिरुडिनची रिअॅक्शन यायची, म्हणून काही वर्षांतच तो हेपॅरिनकडे वळला. त्याच्या रुग्णांपैकी कोणी शेवटी वाचलं नाही आणि त्याचं काम विस्मरणात गेलं.

मग इन्सुलिनवाला चार्ल्स बेस्ट यात पडला. टोरांटोच्या कनॉट लॅबोरेटरीजमध्ये १९३० च्या आसपास त्याने हेपॅरिन शुद्ध करण्याचं काम हाती घेतलं. आर्थर चार्ल्स आणि डेव्हिड स्कॉट या त्याच्या सहकाऱ्यांनी बैलाच्या यकृताऐवजी स्वस्तातली फुप्फुसं वापरायला सुरुवात केली. ती कुजवल्यावर सुटणारा वास असा की ते काम शहरातून उचलून बाहेरच्या शेतावर न्यावं लागलं. पण १९३५ पर्यंत माणसाला देण्याजोगं हेपॅरिन हातात आलं. त्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

पुढचं म्हणजे विलेम कोल्फ. नाझींच्या ताब्यातलं हॉलंड, काम्पेन नावाचं छोटं गाव, १९४३ साल. लाकडी पट्ट्यांचा ड्रम, त्याभोवती गुंडाळलेलं सॉसेज भरायचं सेलोफेनचं वेष्टन, आणि त्यातून फिरणारं हेपॅरिन घातलेलं रक्त. पहिल्या सोळा रुग्णांपैकी पंधरा दगावले. सतरावी रुग्ण, ६७ वर्षांची सोफिया शाफ्श्टाट, सप्टेंबर १९४५ मध्ये शुद्धीवर आली आणि जगली. कोल्फची गोष्ट जालावर भरपूर ठिकाणी आहे, म्हणून इथे आवरतो. आपल्याला जायचंय लहान मुलांकडे.

मुलांना डायलिसिसच्या गाडीत जागा उशिराच मिळाली. १९५० च्या दशकात पिट्सबर्गसारख्या ठिकाणी काही मुलांवर हीमोडायलिसिस झालं, पण एकंदरीत तान्ह्या बाळांसाठी मदार होती पेरिटोनियल डायलिसिसवर. पोटात नळी घालायची, द्रव सोडायचा, पोटाच्या आतलं अस्तरच गाळणीचं काम करतं, मग द्रव काढून घ्यायचा. रक्त बाहेर येतच नाही, म्हणजे साकळण्याचा प्रश्नच नाही. अतिशय सुटसुटीत. भारतात आजही अशा बाळांचा मुख्य आधार हाच आहे. पण पोटाचंच ऑपरेशन झालं असेल, किंवा यकृत निकामी होऊन रक्तात अमोनिया झपाट्याने चढत असेल, तर पोटाची वाट बंद किंवा अपुरी. तिथे रक्त बाहेर काढण्याला इलाज नाही.

कंटिन्युअस पद्धतीचा जन्मही अपघातानेच झाला. (या इतिहासात मुद्दाम काही झालंय का, असा प्रश्न पडतो.) १९७७ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे पेटर क्रामर हे डॉक्टर मांडीच्या नीलेत नळी घालायला गेले आणि ती गेली रोहिणीत. त्यांनी ती काढून टाकण्याऐवजी विचार केला: रोहिणीत दाब असतोच, मग पंप हवाच कशाला? रोहिणीतून रक्त फिल्टरमध्ये, फिल्टरमधून नीलेत. हृदय हाच पंप. मोठ्या माणसांच्या अतिदक्षता विभागात ही युक्ती झपाट्याने पसरली. १९८० च्या दशकाच्या मध्यात इटलीतल्या विचेन्झा इथे क्लाउडिओ रोंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटे फिल्टर वापरून ती नवजात बाळांवर करून दाखवली.

आणि इथे भौतिकशास्त्र आडवं आलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पॉइझेलचं सूत्र पाठ करून विसरलेले माझ्यासारखे बरेच असतील. नळीतून जाणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. बाळाच्या शिरेत मावणारी नळी ५ ते ७ फ्रेंच मापाची. ७ फ्रेंच म्हणजे बाहेरून २.३ मिलिमीटर, आणि त्यातही येण्याजाण्याचे दोन मार्ग. त्यात बाळाचा रक्तदाब आधीच कमी. प्रवाह मंद, आणि मंद रक्त लवकर साकळतं. पुढे नीलेत दुहेरी नळी घालून पंप लावायची पद्धत आली तेव्हा रक्तदाबावरचं अवलंबित्व गेलं, पण नळीची जाडी तीच राहिली. २००७ साली अमेरिकेतल्या बालरुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं: नळी जितकी जाड, तितका संच जास्त टिकतो आणि मानेतली नळी मांडीतल्या नळीपेक्षा बरी. म्हणजे औषधाची चर्चा करण्याआधी प्लंबिंग तपासा. कोणताही सिनियर आर्किटेक्ट हेच सांगेल.

दुसरी अडचण त्याहून खोल होती. हेपॅरिन एकटं काही करत नाही. रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन असतं, हेपॅरिन त्याला चेव आणतं आणि ते प्रथिन साकळण्याची साखळी तोडतं. कॅनडात हॅमिल्टनमधल्या मॉरीन अँड्र्यू या डॉक्टरबाईंनी १९८० च्या दशकात एक चिकाटीचं काम केलं: निरोगी नवजात बाळांच्या रक्तातला एकेक घटक मोजून तक्ता बनवला. १९८७ साली तो प्रसिद्ध झाला. बाळांमध्ये अँटिथ्रॉम्बिन प्रौढांच्या साधारण निम्म्यापेक्षा थोडंच जास्त असतं, आणि साकळवणारे कितीतरी घटकही कमीच असतात. म्हणजे बाळाचं रक्त हे मोठ्यांच्या रक्ताची छोटी आवृत्ती नाही, त्याचं संतुलनच वेगळ्या ठिकाणी असतं. मोठ्यांचा हेपॅरिनचा डोस वजनाने भागला की झालं, हा हिशेब त्या तक्त्याने मोडीत काढला. मला विचाराल तर या सगळ्या कथेतलं सर्वात कमी गाजलेलं आणि सर्वात मोलाचं काम हेच. यात मांजराचं रक्त नाही, अपघात नाही, फक्त मोजणी आहे.

हेपॅरिनला पर्याय मात्र केव्हाचा शेजारच्या फडताळात पडला होता. रक्तपेढीच्या फडताळात!

साकळण्यासाठी रक्ताला कॅल्शियम लागतं हे १८९० पासून माहीत होतं. सायट्रेट, म्हणजे आपल्या लिंबातल्या आम्लाचं मीठ, कॅल्शियमला पकडून ठेवतं. १९१४ साली ब्रसेल्समध्ये आल्बेर हुस्तँ आणि ब्युनोस आयरीसमध्ये लुईस आगोते यांनी सायट्रेट घातलेलं रक्त रुग्णाला दिलं. १९१५ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये रिचर्ड लुईसोन यांनी नेमकं प्रमाण शोधलं: ०.२ टक्के. एवढ्यात रक्त साकळत नाही आणि रुग्णालाही अपाय होत नाही. रक्त बाटलीत भरून ठेवायची सोय तेव्हापासून झाली. आजही रक्तदान करताना पिशवीत आधीपासून जो थोडा द्रव दिसतो, त्यात सायट्रेटच असतं.

सायट्रेटची खुबी अशी की ते फक्त यंत्रापुरतं वापरता येतं. यंत्रात शिरताना रक्तात सायट्रेट सोडायचं, तिथलं मोकळं कॅल्शियम ०.४ मिलिमोलच्या खाली आणायचं, म्हणजे यंत्रात रक्त साकळणार नाही. सायट्रेटचा बराचसा भाग फिल्टरमधूनच निघून जातो. उरलेलं अंगात गेलं की यकृत त्याचं बायकार्बोनेट करून टाकतं. आणि कमी झालेलं कॅल्शियम वेगळ्या नळीतून बाळाला परत द्यायचं, म्हणजे अंगातलं कॅल्शियम १.१ ते १.३ या नेहमीच्या पट्ट्यात राहतं. यंत्रातलं रक्त साकळत नाही, बाळातलं साकळतं. काय सुंदर डिझाइन आहे! स्कोप फक्त लोकल, ग्लोबल व्हेरिएबलला हात नाही.

डायलिसिसमध्ये हे पहिल्यांदा करून पाहिलं ते १९६१ साली. १९८३ साली रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णांवर त्याचा वापर पुन्हा पुढे आला. आणि कंटिन्युअस डायलिसिसमध्ये ते नीट बसवलं १९९० साली, सॅन डिएगोमध्ये, रवींद्र मेहता आणि सहकाऱ्यांनी. १९१५ ते १९९०, पंचाहत्तर वर्षं! मला वाटतं याचं एक साधं कारण मोजमापात आहे. मोकळं कॅल्शियम पलंगाशेजारी काही मिनिटांत मोजता येत नसेल, तर सायट्रेट वापरणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं. तशी यंत्रं रुग्णालयांत रुळली ती १९८० च्या सुमारास. दुसरं कारण माणसांचं. रक्तपेढीवाले आणि किडनीवाले वेगळ्या मजल्यांवर बसतात. आपल्याकडे डेटाबेसवाले आणि नेटवर्कवाले बसतात तसे.

मुलांपर्यंत ते पोचलं आणखी दहा-बारा वर्षांनी. टिमोथी बंचमन आणि त्यांच्या चमूने २००२ साली मुलांसाठी एक सोपी कृती प्रसिद्ध केली. सोपी म्हणजे खरंच सोपी: कॅल्शियम नसलेला तयार डायलिसिसचा द्रव घ्या, रक्तपेढीत वापरतात तोच सायट्रेटचा एसीडी-ए द्रव घ्या, आणि रक्ताचा वेग मिनिटाला जितके मिलि. असेल त्याच्या दीडपट मिलि. दर तासाला सोडा. सिस्टरला रात्री दोन वाजता डोक्यात करता येईल असा गुणाकार. तोवर ज्या कृती होत्या त्यांत द्रव रुग्णालयात मिसळून तयार करावे लागत, आणि हाताने मिसळण्यात चूक झाली की काय होतं ते सांगायला नको.

२००१ पासून अमेरिकेतल्या काही बालरुग्णालयांनी आपल्या नोंदी एकत्र करायला सुरुवात केली होती, कारण एकेका रुग्णालयात अशी मुलं वर्षाला मोजकीच येतात. त्या नोंदींवरून पॅट्रिक ब्रॉफी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली उत्तर दिलं. १३८ मुलं, ४४२ संच. हेपॅरिनवर संच सरासरी ४२ तास टिकला, सायट्रेटवर जवळजवळ ४५ तास, आणि काहीच न देता २७ तास. म्हणजे टिकण्याच्या बाबतीत दोघं सारखेच. पण जीवावर बेतलेले औषधजन्य रक्तस्राव हेपॅरिनच्या गटात झाले, सायट्रेटच्या गटात एकही नाही. २०१२ साली मूत्रपिंडविकाराच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही कंटिन्युअस डायलिसिससाठी, यकृत वगैरेची अडचण नसेल तर, सायट्रेटला पहिली पसंती दिली.

मग बाळांचा प्रश्न सुटला का? नाही ना! पुन्हा गुणाकार करून बघा. सत्तर किलोच्या माणसाचं रक्त यंत्रातून मिनिटाला १५० मिलि. फिरवलं तर दर किलोमागे दोनेक मिलि. झाले. तीन किलोच्या बाळाचं ३० मिलि. फिरवलं तर दर किलोमागे दहा. त्याहून फार हळू फिरवावं तर रक्त साकळतं. सायट्रेट रक्ताच्या वेगाच्या प्रमाणात द्यायचं, म्हणजे बाळाच्या वाट्याला किलोमागे पाचपट सायट्रेट. आणि ते पचवायचं कोणी, तर अजून पुरतं तयार नसलेल्या यकृताने. ते नाही पचलं तर विचित्र चित्र दिसतं: रक्तातलं एकूण कॅल्शियम वाढत जातं पण कामाचं, मोकळं कॅल्शियम घटत जातं, कारण सगळं सायट्रेटच्या मुठीत. या दोन आकड्यांचं गुणोत्तर अडीचच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात, सायट्रेट काही काळ थांबवतात किंवा कमी करतात. जिथे एकच आकडा बघितला जातो तिथे हे निसटू शकतं. एकूण मेमरी भरपूर, फ्री मेमरी शून्य.

त्यात एक सापळा रक्तपेढीच्या पिशवीचा. यंत्र ज्या रक्ताने भरायचं त्यातही सायट्रेटच, म्हणून त्यात मोकळं कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि साठवून साठवून ते आम्लधर्मी झालेलं. एएन-६९ नावाच्या एका चांगल्या फिल्टरला असं आम्लधर्मी रक्त लागलं की ब्रॅडिकायनिन तयार होतं आणि जोडल्यानंतर काही मिनिटांत बाळाचा रक्तदाब कोसळतो. ब्रॉफी-बंचमन मंडळींनीच २००१ साली दाखवून दिलं की हे पीएचवर अवलंबून आहे आणि टाळता येतं. एक तोडगा म्हणजे बाळाला जोडण्याआधी पिशवीतल्या रक्ताचंच डायलिसिस करून ते ताळ्यावर आणायचं.

आता जरा वेगळ्या, पण याच धाग्यातल्या गोष्टीकडे येतो. नोव्हेंबर २००७. अमेरिकेतल्या सेंट लुईस चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये डायलिसिसला (नेहमीच्या, चार तासवाल्या) आलेल्या मुलांना अचानक अॅलर्जीसारखा त्रास झाला. चेहरा सुजला, रक्तदाब घसरला. डायलिसिसमध्ये संशय घ्यायला जागा भरपूर: पाणी, नळ्या, फिल्टर, निर्जंतुकीकरणाची रसायनं. मध्ये काही काळ शांतता, आणि जानेवारी २००८ मध्ये पुन्हा तेच. रुग्णालयाने प्रकरण आरोग्य खात्याकडे नेलं, तिथून ते राष्ट्रीय पातळीवर गेलं, इतर केंद्रांतही तसेच रुग्ण सापडले आणि माग पोचला बॅक्स्टर कंपनीच्या हेपॅरिनपर्यंत. त्याचा कच्चा माल चीनमधून यायचा, डुकरांच्या आतड्यांच्या अस्तरापासून बनवलेला. त्यात भेसळ निघाली: ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट.

ही भेसळ पकडली कशी गेली नाही? कारण ती रक्त साकळू द्यायची नाही! हेपॅरिनची ठरलेली चाचणी तेवढंच बघायची. सगळ्या युनिट टेस्ट हिरव्या, आणि प्रॉडक्शनमध्ये माणसं मरतायत. पुढे संशोधनातून कळलं की हा पदार्थ तेच ब्रॅडिकायनिन वगैरे रसायनं अंगात मोकळी करतो, जी वरच्या फिल्टरवाल्या सापळ्यात आली होती. भेसळीचा माल ११ देशांत सापडला, एकट्या अमेरिकेत डझनांनी मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. आणि त्या चिनी कारखान्याची तपासणी अमेरिकेच्या एफडीएने आधी केलीच नव्हती. का? मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या कारखान्याची झाली होती, आणि नोंदीत दोघांची गल्लत झाली. नाव हे कधीही प्रायमरी की करू नये हे आम्हाला पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगतात. त्यानंतर हेपॅरिनच्या चाचण्या बदलल्या, आता रेणूची रचनाच तपासतात.

या प्रकरणात मला राहून राहून एकच वाटतं. तेच हेपॅरिन हजारो प्रौढ रुग्णांनाही जात होतं. पण प्रौढ आजारी माणसाचा रक्तदाब पडायला शंभर कारणं असतात, एक आणखी पडला तर कोण वेगळं काढतो? त्या छोट्या युनिटमध्ये, नेहमीच्या मुलांना ओळखणाऱ्या लोकांनी ते वेगळं काढलं.

यंत्रं लहान होत आलीत ही मात्र चांगली बातमी. न्यूकॅसलच्या माल्कम कोल्थार्ड या डॉक्टरांनी २००६ साली एका वरिष्ठ नर्सच्या मदतीने, घरच्या गॅरेजमध्ये, एका बाळासाठी यंत्र जोडलं, कारण बाजारात तिच्या मापाचं यंत्रच नव्हतं. ती वाचली. पुढे त्यातूनच निडस नावाचं यंत्र झालं, ज्यात पिचकाऱ्यांनी थोडं थोडं रक्त ओढून गाळतात आणि परत करतात. तिकडे विचेन्झात, त्याच रोंको यांनी, फक्त तान्ह्यांसाठी कार्पेडिअम नावाचं यंत्र तयार केलं. २०१३ साली ते पहिल्यांदा २.९ किलोच्या एका नवजात बाळावर वापरलं, चारशेहून जास्त तास. बाळ घरी गेलं, डायलिसिसशिवाय. २०२० साली अमेरिकेच्या एफडीएने ते अडीच ते दहा किलोच्या मुलांसाठी मंजूर केलं.

कार्पेडिअमचा सगळ्यात छोटा संच भरायला २७ मिलि.च्या आसपास रक्त लागतं. अडीचशेतले २७. म्हणजे साधारण अकरा टक्के. संच बाळाच्या रक्ताच्या १० ते १५ टक्क्यांहून मोठा असेल तर रक्तपेढीची पिशवी मागवावी असा ढोबळ नियम आहे. तीन किलोचं बाळ त्या रेघेवर येऊन थांबतं, आणि पिशवी मागवायची की नाही हे त्या दिवशी पलंगाशेजारी उभे असलेले डॉक्टर ठरवतात.